मैदानावरील उमेदवारी

सायंकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास आपल्या राज्यातील कोणत्याही श्रमिक वस्तीतल्या मोकळ्या जागेवर गेले, तर चुन्याने आखलेल्या कबड्डीच्या मैदानाच्या कडेला उभा राहून दहा-बारा वर्षांच्या मुलांना चढाईचे धडे देणारा एखादा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण बहुधा दृष्टीस पडतो. तो त्या मंडळाचाच जुना खेळाडू असतो. दहावी-बारावीच्या पायरीवर त्याचे शिक्षण खुंटलेले असते. दिवसा तो कोठे माल उतरवितो, कोठे घरोघर सामान पोहोचवितो, आणि सायंकाळी, कोणी नेमलेले नसताना व कोणी शिकविलेले नसताना, या मुलांचा शिक्षक होतो. मंडळाचे चालक त्याचे कौतुक करतात, उत्सवाच्या दिवशी त्याच्या हाती शाल व नारळ देतात. आणि दोन-तीन वर्षांनी घरची गरज वाढून तो मैदानावर येईनासा झाला, की मुलांत पूर्वीची निष्ठा राहिली नाही असा शेरा मारून दुसरा तरुण शोधू लागतात.

प्रस्तुत लेख अशा चालकांसाठी आहे, आणि तितकाच त्या तरुणांसाठी व त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे. वस्तीतील होतकरू मुलामुलींना क्रीडाप्रशिक्षणाची रीतसर उमेदवारी कशी द्यावी, तिच्यात काय शिकवावे, वेतनाची तजवीज कोठून करावी, आणि वर्ष संपल्यावर त्यांना कोणत्या दाराशी नेऊन सोडावे, याविषयीच्या व्यवहार्य सूचना येथे मांडल्या आहेत.

उमेदवारी आणि वेठ

'उमेदवार' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे ती बाळगणारा. आज हा शब्द निवडणुकीने बराचसा आपल्याकडे ओढून घेतला असला, तरी जुन्या कचेऱ्यांत कारकुनाच्या जागेवर डोळा ठेवून बिनपगारी दप्तर वाहणारा तरुणही उमेदवारच म्हणविला जाई. श्रम त्याचे, आशाही त्याचीच, आणि जागा देणे न देणे मात्र सर्वस्वी वरिष्ठांच्या मर्जीवर. आपल्या क्रीडामंडळांत आज जे चालते ते बहुतांशी याच जातीचे आहे. ज्या उमेदवारीत आशेचा सगळा भार एकट्या तरुणाच्या खांद्यावर असतो तिला वेठ म्हणावे. आणि जिच्यात शिकविणारा, वेतन देणारा व पुढची वाट दाखविणारा हे तिघेही त्याच्याइतकेच वचनबद्ध झालेले असतात, तिलाच उमेदवारी हे नाव शोभते. पुढील सर्व सूचना या एका भेदातून निघालेल्या आहेत.

मोठ्याने धाकट्याला शिकवावे ही रीत आपल्या तालमींना नवीन नाही. वस्तादाच्या देखरेखीखाली जुना पठ्ठा नव्याला डाव दाखवी, आणि त्यातूनच पुढचा वस्ताद तयार होई. अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हीच परंपरा शास्त्रशुद्ध शिक्षणाच्या पायावर उभी केली, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांपुढे करून दाखविली. कोल्हापुरात आजही फुटबॉलचे संघ पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशी नावे अभिमानाने मिरवीत शाहू स्टेडियमवर उतरतात. कुस्तीच्या हौद्याने फुटबॉललाही आश्रय दिला, याची ती साक्षच होय. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलची चळवळ आरंभिली, तिच्यातून खेळून बाहेर पडलेली काही मुले पुढे स्वतःच प्रशिक्षक झाली, आणि 'झुंड' या चित्रपटाने २०२२ साली ती कथा सर्वदूर नेली. परदेशातही हा विचार रुजला आहे. इंग्लंडात लंडन ऑलिंपिकच्या वर्षी, म्हणजे २०१२ साली, 'कोच कोअर' या नावाने जी योजना सुरू झाली, तिचे सूत्र हेच, की संधीला पारख्या झालेल्या तरुणांना वेतन देऊन, त्यांच्याच भागातील मैदानांवर काम करवीत, प्रशिक्षणाचा व्यवसाय शिकवावा. परंपरा आपल्यापाशी होतीच. वेतन, लेखी करार आणि मान्यताप्राप्त दाखला या तीन गोष्टींची जोड तिला द्यावयाची आहे.

निवड कोणाची करावी

निवडीच्या वेळी चालकांची दृष्टी सहजच उत्तम खेळाडूकडे वळते, आणि येथेच पहिली चूक होते. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना खेळले, आणि तरीही शिवाजी पार्कावर त्यांनी जे शिष्य घडविले त्यांत सचिन तेंडुलकर होते. खेळणे आणि शिकविणे या दोन भिन्न विद्या आहेत. पहिलीत देहाला जे आपोआप साधते, ते दुसरीत शब्दांत व क्रमात उलगडून सांगावे लागते. यास्तव निवडीसाठी स्पर्धेतील पदके मोजीत बसण्यापेक्षा इच्छुकांना प्रत्येकी पंधरा मिनिटे आठ-दहा मुलांचा गट सोपवावा, आणि दूर उभे राहून पाहावे : सर्वांत मागे राहिलेल्या मुलाकडे त्याचे लक्ष जाते की नाही, चूक झाल्यावर तो ओरडतो की पुन्हा करून दाखवितो, आणि गट आटोपल्यावर मुले त्याच्याभोवती घोटाळतात की पांगतात. या तीन निरीक्षणांइतकी खरी मुलाखत कोणत्याही मेजामागे बसून घेता येणार नाही.

अर्जाची अट सातवी पास की दहावी पास, यावरही फार अडून राहू नये. ज्यांच्यासाठी ही योजना आहे त्यांचे शिक्षण परिस्थितीने खुंटले आहे, हेच तर तिचे कारण आहे. मात्र उमेदवारीच्या काळात ते शिक्षण पुन्हा चालू करून देणे हे मंडळाचे कर्तव्य समजावे. दहावी-बारावीसाठी बाहेरून बसणाऱ्यांचा, लोकांच्या तोंडी 'सतरा नंबरचा' म्हणून परिचित असलेला अर्ज वेळेवर भरला जाईल हे पाहावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, आणि पुढे पदवीसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची वाटही दाखवावी. जन्मतारखेचा पुरावा, रहिवासाचा दाखला, बँकेतील खाते यांपैकी काही नसल्यास उमेदवाराला परत पाठवू नये. त्याच्याबरोबर कचेरीत जाऊन ते मिळवून द्यावे. ज्याच्या घरात कोणीच कधी कचेरीची पायरी चढलेले नाही, त्याला 'कागद घेऊन ये' असे सांगणे म्हणजे 'येऊ नकोस' असेच सांगणे होय.

मुलींची निवड करताना एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. वस्तीत मुलींची प्रशिक्षिका असली, की आया आपल्या लेकींना निःशंकपणे मैदानावर धाडतात. म्हणून दोन उमेदवारांपैकी निदान एक मुलगी असावी असा नियमच मंडळाने करावा. मात्र हा नियम कागदावर राहू नये असे वाटत असेल, तर तिच्या वर्गाची वेळ दिवेलागणीपूर्वी संपेल अशी ठेवावी, मैदानाजवळ स्वच्छतागृहाची सोय आहे की नाही ते आधी पाहावे, आणि तिच्या घरी जाऊन आईवडिलांशी मंडळाच्या ज्येष्ठ स्त्री-सभासदाने बोलावे. घरच्यांची संमती एकदा मिळवून भागत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मुलीची प्रगती सांगण्याच्या निमित्ताने ती ताजी करावी लागते.

करार, वेतन व जबाबदारी

शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा आपल्या देशातील मूळ कायदा १९६१ सालचा आहे. त्याच्या अन्वये उमेदवाराचे वय किमान १४ वर्षे, आणि धोक्याच्या उद्योगात १८ वर्षे असावे लागते. उमेदवार व मालक यांच्यात लेखी करार व्हावा लागतो, आणि उमेदवार अज्ञान असल्यास त्याच्या वतीने पालकाची सही घ्यावी लागते. २०१६ साली केंद्र शासनाने जी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आणली, तिच्या आरंभीच्या तरतुदीनुसार विहित विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा कमाल १५०० रुपयांपर्यंत, शासनाने उचलावयाचा होता. तथापि या कायद्याची रचना आस्थापना डोळ्यांपुढे ठेवून केलेली असल्यामुळे, चारही पगारी माणसे नसलेल्या लहान मंडळाला तिचा थेट उपयोग होत नाही. अशा मंडळांनी आपल्या परिसरातील एखादे महाविद्यालय, साखर कारखान्याची शिक्षणसंस्था किंवा मोठी क्रीडासंस्था यांच्याशी संधान बांधून उमेदवाराची नोंदणी त्यांच्या दप्तरी करावी, व प्रत्यक्ष काम आपल्या मैदानावर द्यावे. आणि तेही न जमल्यास कायद्याचा आशय घेऊन स्वतःचा करारनामा करावा.

हा करारनामा दोन पानांहून मोठा नसावा, आणि तो उमेदवाराला समजेल अशा मराठीत असावा. मुदत किती, आठवड्यात तास किती, त्यांपैकी मैदानावर किती व अभ्यासाला किती, वेतन किती व कोणत्या तारखेस, मार्गदर्शक कोण, रजा किती, तक्रार कोणाकडे करावयाची, आणि शेवटी कोणता दाखला मिळणार, एवढ्या नऊ बाबी त्यात स्पष्ट असाव्यात. माझ्या मते एक वर्षाची मुदत व आठवड्यास वीस तास हे प्रमाण योग्य आहे : बारा तास मैदानावर, चार तास अभ्यास व निरीक्षण, आणि चार तास हजेरीपट, साहित्याची नोंद व पालकांच्या भेटी. यापेक्षा जास्त तास घेतल्यास त्याचे शालेय शिक्षण किंवा घराला लागणारी दुसरी मिळकत बुडते, आणि कमी घेतल्यास शिक्षणाला सलगता राहत नाही.

वेतनाचा आकडा ठरविताना मंडळाच्या तिजोरीकडे पाहण्याआधी एक साधा हिशेब करावा : हे वीस तास त्या तरुणाने आपल्या सध्याच्या मजुरीत घातले असते, तर त्याला काय मिळाले असते? तेवढे तरी त्याला मिळालेच पाहिजे. अन्यथा उमेदवारीचा खर्च मंडळाऐवजी त्याच्या घरची चूल सोसते. रक्कम उमेदवाराच्या स्वतःच्या नावावरील खात्यात ठरल्या तारखेस जमा व्हावी. शिवाय, वेतन महिनाअखेरीस हाती येते, पण बसचे भाडे पहिल्या दिवसापासून लागते, आणि फाटक्या बुटांनी मुलांपुढे उभे राहण्याचा संकोचही पहिल्याच दिवशी वाटतो. म्हणून बूट, दोन गणवेश आणि पहिल्या महिन्याचा प्रवासखर्च आगाऊ द्यावा. कित्येक उमेदवार पहिल्या पंधरवड्यातच गळतात, आणि आळसाचा ठपका त्यांच्यावर ठेवला जातो. बहुधा कारण एवढेच क्षुल्लक असते. विम्याचीही उपेक्षा करू नये. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक-खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या व्यक्तीला वर्षाकाठी २० रुपयांच्या हप्त्यात दोन लाखांपर्यंतचे अपघातसंरक्षण मिळते. हा हप्ता मंडळाने आनंदाने भरावा.

पैसा कोठून आणावा, हा प्रश्न उरतोच. गणेशोत्सवाच्या किंवा स्पर्धेच्या जमाखर्चातील ध्वनिक्षेपक, मंडप व पारितोषिके यांचा आकडा एका बाजूस आणि एका उमेदवाराचे वर्षाचे वेतन दुसऱ्या बाजूस लिहून तो कागद सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. सभासद सुज्ञ असतात, त्यांच्यापुढे प्रश्न अशा रीतीने कोणी मांडलेला नसतो इतकेच. वस्तीतील व्यापारी, सहकारी पतपेढी आणि नोकरीला लागलेले जुने खेळाडू यांच्याकडून मासिक वर्गणी घेताना 'मंडळास मदत' असे मोघम न म्हणता 'अमुक उमेदवाराच्या वेतनाचा दहावा हिस्सा' असे सांगावे, आणि वर्षअखेरीस हिशेब छापून द्यावा. संपूर्ण वर्षाच्या वेतनाची तरतूद झाल्याखेरीज मात्र कोणालाही नेमू नये. सहाव्या महिन्यात वेतन थांबले, तर त्या तरुणाचा विश्वास मंडळावरूनच काय, एकूण शब्द देणाऱ्या जगावरूनच उडतो.

वर्षभरात काय शिकवावे

पहिले तीन महिने उमेदवाराने बहुतांशी पाहावे व टिपावे. त्याच्या हाती एक वही द्यावी, आणि रोज एकच मूल निवडून, तासाभरात ते प्रत्यक्ष किती मिनिटे खेळले व किती मिनिटे रांगेत उभे राहिले, एवढेच त्याला लिहावयास सांगावे. वीस मुले आणि एक चेंडू असला, तर वीस मिनिटांच्या सरावात प्रत्येकाच्या वाट्यास एक मिनिट येते, हे सत्य व्याख्यानाने पटत नाही; स्वतःच्या अक्षरात लिहिलेला आकडा पाहिला, की ते कायमचे पटते. पुढील तीन महिने त्याने मार्गदर्शकाच्या शेजारी उभे राहून वर्गातील एकेक भाग, आज उष्णताकारक हालचाली तर उद्या एखादे कौशल्य, चालवावा. सातव्या ते नवव्या महिन्यात संपूर्ण तास त्याने घ्यावा आणि मार्गदर्शकाने कडेला बसावे. शेवटच्या तीन महिन्यांत त्याने एक गट स्वतः बांधावा, लहानशी स्पर्धा भरवावी, आणि आपल्या मागून येणाऱ्या उमेदवाराला पहिले धडे द्यावेत.

एका तासाची आखणी कशी असावी, याचे एक उदाहरण देतो. समजा, दहा ते बारा वर्षांची सोळा मुले कबड्डीस आली आहेत, आणि आजचा पाठ निदानरेषा ओलांडून सुखरूप परतण्याचा आहे. पहिली दहा मिनिटे शिवाशिवीसारख्या धावपळीच्या खेळात घालवावीत. त्यात शरीर तापते, आणि दिशा बदलण्याचा सरावही नकळत होतो. नंतर मुलांचे चार-चारांचे गट करून, प्रत्येक गटासाठी जमिनीवर दोन रेषा आखाव्यात, आणि पकड न करता केवळ पदन्यास शिकवावा : पुढचा पाय रेषेपलीकडे, नजर कोपरारक्षकावर, शरीराचा तोल मागच्या पायावर. पुढील पंधरा मिनिटांत एक चढाई करणारा व तीन बचाव करणारे असा लहान सामना ठेवावा, आणि तीस सेकंदांची चढाई मुलांनीच मोजावी. शेवटी वीस मिनिटे मोठा खेळ, आणि पाच मिनिटे वर्तुळात बसून एकच प्रश्न : आज परत येताना कोण सुटले, आणि कशामुळे सुटले? उत्तर मुलांच्या तोंडून येऊ द्यावे. खो-खोतही हेच तत्त्व लागू आहे. पाटीवर बसलेली आठ मुले ताटकळत राहू नयेत म्हणून अर्ध्या मैदानावर दोन लहान डाव एकाच वेळी चालवावेत. साधने अल्प असलेल्या वस्तीत हे देशी खेळ उमेदवाराला फार सोयीचे पडतात, कारण त्यांना चुना, मोकळी जागा आणि नीट विचार केलेला तास यांहून अधिक काही लागत नाही.

पाठ आटोपल्यावर मार्गदर्शकाने दहा मिनिटे उमेदवाराशी बोलावे, आणि हे बोलणे मुलांदेखत कदापि करू नये. काय साधले ते आधी त्यालाच विचारावे, मग एकच सुधारणा सांगावी, आणि ती पुढच्या खेपेस पाहावी. आपल्याकडे वस्तादाचा धाक हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. परंतु ज्या तरुणाने लहानपणापासून धाकाखेरीज दुसरे काही अनुभवले नाही, तो मुलांवरही तोच धाक उलटवितो. ही साखळी मार्गदर्शकाच्या जिभेपाशीच तुटू शकते.

सुरक्षिततेचे धडे

मुलांचे रक्षण हा या विद्येचा पाया आहे, आणि त्याबाबत सवलत नाही. उमेदवाराला मैदानावर एकटे सोडण्यापूर्वी त्याला प्रथमोपचाराचे प्रत्यक्ष शिक्षण मिळालेले असावे. हृदयक्रिया बंद पडल्यास छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढात सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो, ही गोष्ट पुस्तकात वाचून हाताला येत नाही. पुतळ्यावर सराव करावाच लागतो. डोक्याला मार लागलेल्या मुलाला, ते कितीही 'बरा आहे' म्हणाले, तरी त्या दिवशी पुन्हा खेळात घेऊ नये व वैद्याकडे पाठवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि संकटग्रस्त बालकांसाठी १०९८ हे क्रमांक मैदानाच्या भिंतीवर ठळक रंगवावेत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सराव सकाळी लवकर उरकावा, आणि पाणी पिण्याची सुट्टी मुलांच्या मागणीवर न सोडता तासाच्या आखणीतच घालावी.

त्याहून नाजूक बाब वर्तनाची. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ सालचा कायदा असे सांगतो, की असा अपराध घडल्याचे ज्याला कळले त्याने तो पोलिसांना कळविलाच पाहिजे; मंडळाची अब्रू, ओळखीचे संबंध किंवा वस्तीतील समेट यांची सबब तेथे चालत नाही. उमेदवाराला हे पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावे. कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटे राहू नये, पकड शिकविताना स्पर्श का व कोठे होणार ते आधी सर्वांसमक्ष सांगावे, मुलांशी रात्री खाजगी संदेशांची देवघेव करू नये, आणि संघ बाहेरगावी नेताना मुलींसोबत स्त्री-कार्यकर्ती असावीच, हे नियम करारनाम्यास जोडून त्याखाली सही घ्यावी. हेच नियम मार्गदर्शकालाही बंधनकारक आहेत, आणि उमेदवाराला स्वतःवरील अन्यायाची तक्रार करता यावी म्हणून मंडळाबाहेरील एका प्रतिष्ठित व्यक्तीचे नाव करारात असावे. कारण ज्याच्या हाती वेतन, त्याच्याविरुद्ध त्याच्याकडेच दाद मागणे कोणालाही शक्य नसते.

वर्षानंतर काय

उमेदवारी संपताना जो दाखला द्यावयाचा, त्यात 'वर्तणूक समाधानकारक' या ठराविक शब्दांपेक्षा पुष्कळ अधिक असावे. किती तास, कोणत्या वयाची किती मुले, कोणते खेळ, कोणते शिक्षण पूर्ण केले, हा सर्व मजकूर दाखल्यात आला, तर तो पुढच्या मुलाखतीत उपयोगी पडतो. परंतु मंडळाचा दाखला मैदानाबाहेर फार दूर चालत नाही; म्हणून वर्षाच्या आतच एखादा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम उमेदवाराकडून करवून घ्यावा. फुटबॉलमध्ये अखिल भारतीय महासंघाच्या डी-परवान्यासारख्या प्राथमिक पायऱ्या आहेत. कबड्डी व खो-खोमध्ये जिल्हा व राज्य संघटनांच्या पंचपरीक्षा आहेत, आणि पंच म्हणून मिळणारे मानधन ही दुय्यम पण खरी मिळकत ठरते. पतियाळा येथे मोतीबाग राजवाड्यात १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व एक वर्षाची पदविका आहे; त्यांच्या प्रवेशाच्या अटी दरवर्षी पाहून, खेळाडू म्हणून मिळविलेली प्रमाणपत्रे आधीपासून जपून ठेवण्यास उमेदवाराला सांगावे. जो पदवीपर्यंत पोहोचेल त्याला शारीरिक शिक्षणाची दोन वर्षांची पदवी शाळेतील नोकरीचे दार उघडते. प्रत्येक उमेदवाराच्या बाबतीत यांपैकी कोणती वाट त्याची, हे सहाव्या महिन्यातच एकत्र बसून ठरवावे, आणि अर्जाचे शुल्क व प्रवासखर्च यांची रक्कम वेतनाव्यतिरिक्त बाजूला काढून ठेवावी.

सर्वांनाच प्रशिक्षकाची नोकरी मिळेल असे वचन मात्र देऊ नये. वर्षभर मुलांचा गट सांभाळलेला, वेळ पाळण्यास शिकलेला, पालकांशी सभ्यतेने बोलू शकणारा आणि हिशेब ठेवणारा तरुण दुसऱ्या व्यवसायातही उणा पडत नाही. तथापि खोट्या आशेने बांधून ठेवण्यापेक्षा खरी परिस्थिती आरंभीच सांगितलेली बरी. तरुणांनीही, कोणी उमेदवारी देऊ केली, तर संकोच न धरता करार मागावा. लेखी मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे आपल्याकडे मानले जाते. वस्तुतः लिहून देण्याने देणाऱ्याचीच प्रतिष्ठा वाढते.

या सर्वांतून काही करावे असे ज्या चालकांच्या मनात येईल, त्यांनी सुरुवातीस जाहिरात लिहू नये. एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर तीन वाक्ये लिहावीत : या उमेदवाराला शिकविणार कोण, त्याचे बारा महिन्यांचे वेतन येणार कोठून, आणि तेराव्या महिन्यात तो जाणार कोठे. तिन्ही वाक्यांत खरीखुरी नावे व आकडे लिहिता आले, तर उद्याच उमेदवार शोधावा. एखादे वाक्य कोरे राहिले, तर ते भरेपर्यंत, मग त्यास वर्ष का लागेना, थांबावे. कारण मैदानाच्या कडेला उभा असलेला तो तरुण आजवर दुसऱ्यांच्या अर्धवट वाक्यांवरच जगत आला आहे, आणि निदान आपल्या मंडळाने तरी त्याला आणखी एक अर्धे वाक्य देऊ नये.